मोटारीचे दिवे का मंदावतात?



ह्या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत नाना विषय येऊन जातात. त्यांच्या पंक्तीला मोटारीच्या तारा बसवाव्या की नाही, ह्याचा आम्हाला थोडा संकोच होता. परंतु श्रोत्यांपैकी कित्येकांच्या दारात जुनी गाडी उभी असते, कोणी ती वडिलांची आठवण म्हणून सांभाळतात, कोणी हौसेने विकत घेतात, आणि ह्या सर्वांची एक तक्रार सारखीच असते: इंजिन ठीक आहे, पण दिव्यांचा काही भरवसा नाही. त्या तक्रारीचे मूळ बहुधा जेथे शोधले जाते तेथे नसते, एवढेच आम्हास आज सांगावयाचे आहे.

आमची गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. मूळची ही इटलीची फियाट ११०० डी. म्हणूनच जुनी मंडळी तिला अजून नुसते 'फियाट' म्हणतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निघून गेली, परंतु घरगुती गाड्या पुष्कळ ठिकाणी अद्याप धावत आहेत. आमच्या गाडीला एका उन्हाळ्यात नवा रंग दिला. गाडी आरशासारखी झाली. पुढे उसाच्या हंगामात एका रात्री साताऱ्याहून पुण्याकडे येत असता समोरचे दिवे हळूहळू पिवळे पडत चालले आहेत असे वाटले. डोळ्यांचा दोष असेल म्हणून आम्ही पुढे जात राहिलो. खंबाटकीचा घाट उतरून सपाटीला लागलो आणि अवघ्या दहा-बारा हातांवर उसाने भरलेली बैलगाडी दिसली. तिच्या मागे ना कंदील होता, ना चकाकणारी पट्टी. ब्रेक लागला, गाडी थांबली, उसाचे शेंडे बोनेटवर टेकले. बैलगाडीवाला खाली उतरून म्हणाला, "साहेब, दिवं लावा की!" दिवे लावलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये गेली. तेथील कारागिराने बॅटरी जुनी आहे असे सांगितले, नवी घातली. आठ दिवस बरे वाटले. मग बल्ब काळे पडले आहेत असे निघाले. जास्त वॅटचे बल्ब बसवले, तेव्हा दिवे आणखीच तांबडे झाले. मग डायनॅमो उघडला, त्याचे ब्रश बदलले, कटआऊटही बदलला. प्रत्येक खेपेस पाकीट हलके झाले. दिव्यांत फरक पडला नाही. अखेर एका वयस्क वायरमनने काय केले? हातभर वायर घेतली, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला धरले आणि दुसरे मंद दिव्याच्या पत्र्याच्या घराला टेकवले. दिवा क्षणात पांढरा शुभ्र झाला. वायर काढली की पुन्हा पिवळा. मग त्याने बोनेटखालचा एक बोल्ट सोडवला, त्याच्याखालचा नवाकोरा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत लोखंड उघडे केले, आणि बोल्ट आवळला. दोष एवढाच होता. रंगाऱ्याने मन लावून काम केले होते, आणि जेथे रंग नको होता तेथेही ते मन लावूनच केले होते!

आता ह्या बोल्टात एवढे काय होते ते पाहू. घरातील दिव्याला दोन तारा लागतात, एकीने वीज येते आणि दुसरीने परत जाते, हे आपण सर्व जाणतो. मोटारीतील दिव्याकडे पाहिले तर बहुतेक ठिकाणी एकच तार दिसते. मग वीज परत कशी जाते? ती गाडीच्या पत्र्यातून जाते. बॅटरीचे एक टोक जाड पट्ट्याने गाडीच्या अंगाला जोडलेले असते, आणि प्रत्येक दिव्याचे घर स्क्रूने त्याच अंगाला बसवलेले असते. लोखंडी अंग हीच सर्वांची सामाईक परतीची तार. वायरमन हिला 'अर्थ' म्हणतात, जरी तिचा जमिनीशी काही संबंध नाही, गाडी तर रबरी चाकांवर उभी असते. ह्या युक्तीमुळे कारखान्याची निम्मी तार वाचते. परंतु तार ही तार असते आणि पत्र्याला पत्रा जोडलेला असतो स्क्रूने. स्क्रूखाली रंग येतो, गंज येतो, मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत हिरवट कीट येते. गाडी तीस-चाळीस वर्षांची झाली म्हणजे अशा पन्नास सांध्यांपैकी दोन-चार तरी आजारी असणारच.

सांधा पुरता तुटला तर दिवा लागतच नाही, आणि मग दोष शोधणे सोपे असते. खरा त्रास अर्धवट सांध्याचा. येथे थोडे गणित करू, फार कठीण नाही. ओहम ह्या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम सांगतो की, सांध्यात जितका विरोध असेल आणि त्यातून जितका प्रवाह जाईल, त्यांच्या गुणाकाराइतके व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतात. गाडीची वीज १२ व्होल्टची. समोरच्या जुन्या पद्धतीच्या बल्बची मोठी तार ४५ वॅटची. म्हणजे एका दिव्याला पावणेचार अँपिअर, दोहोंना मिळून साडेसात. दोन्ही दिवे एकाच बोल्टावरून परत जात असतील आणि त्या बोल्टाखाली अवघा पाव ओहम विरोध असेल, तर सुमारे पावणेदोन व्होल्ट तेथेच जिरतात. दिव्याच्या वाट्याला सव्वादहा उरतात. ऐकणारा म्हणेल, १२ चे सव्वादहा झाले, त्यात काय बिघडले? बिघडते ते असे की, तापलेल्या तारेचा प्रकाश व्होल्टाच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आमच्या हिशेबातल्या दिव्याचा प्रकाश साठ टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपतो. शिवाय जे व्होल्ट बोल्टाने खाल्ले त्यांची उष्णता होते, दहा-बारा वॅटची. तेवढ्या आचेने तो सांधा आणखी काळवंडतो, विरोध आणखी वाढतो. म्हणून हा रोग दिवसेंदिवस वाढत जातो. जास्त वॅटचा बल्ब लावल्याने दिवा का बिघडला, तेही आता कळेल: प्रवाह वाढला, आणि त्याबरोबर सांध्यातील खर्चही वाढला.

गॅरेजमधला कारागीर काही लबाड नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याने बल्ब काढून, होल्डरमध्ये मीटरची टोके घालून पाहिले होते. मीटरने बरोबर १२ व्होल्ट दाखवले होते. "वीज येतेय, मग बल्बच खराब," असे तो म्हणाला. येथेच फसगत होते. बल्ब काढला म्हणजे प्रवाह जवळजवळ थांबतो. प्रवाह नाही तर सांध्यात व्होल्ट खर्च होत नाहीत. आणि सडका सांधाही मीटरला निर्मळ दिसतो. जुन्या गाडीची तपासणी दिवा लागलेला असतानाच केली पाहिजे. हे एक ध्यानात ठेवले तर निम्मे भटकणे वाचते.

मीटर आता कोठल्याही विजेच्या दुकानात थोड्या पैशात मिळतो. दिवे लावावे, मीटर व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, तारेच्या लगवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर, आणि दुसरे दिव्याच्या घराच्या उघड्या धातूवर धरावे. चांगल्या गाडीत दोन-तीन दशांशांहून अधिक व्होल्ट दिसू नयेत. एक-दीड दिसले की परतीच्या वाटेवर कोठेतरी चोर आहे. मग दिव्याकडचे टोक एकेक सांधा मागे आणत जावे: घरावरून शेजारच्या पत्र्यावर, पत्र्यावरून बोल्टावर, बोल्टावरून पट्ट्यावर. आकडा ज्या दोन जागांच्या मध्ये एकदम खाली येतो तेथे दोष. येणाऱ्या वाटेचीही हीच रीत, फक्त मीटर बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या तारेपर्यंत लावावयाचा. तेथे स्विच आणि फ्यूज मध्ये येत असल्याने अर्ध्या व्होल्टापर्यंत चालवून घ्यावे. मीटर नसेल तर वायरमनची हातभर वायर आहेच; मात्र ती परतीच्या वाटेवरच लावावी. धन टोकाची उघडी वायर गाडीच्या अंगाला चुकून लागली तर हात भाजेल.

काम सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारावा. सर्वच दिवे एकदम मंदावतात, की एकटा दुकटा? सर्व दिवे मंद असतील तर बॅटरी, डायनॅमो किंवा मुख्य पट्टा ह्यांकडे पाहावे. नुसती उभी असलेली पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या किंचित वर दाखवते; इंजिन वेगात चालू असता आकडा चौदाच्या आसपास चढला पाहिजे. डायनॅमोची गाडी सिग्नलला उभी असता तिचे दिवे थोडे मंद होतात आणि वेग घेताच उजळतात, हा दोष नसून तिचा स्वभाव आहे. मंद वेगात डायनॅमो पुरेशी वीज देत नाही. आल्टरनेटर आल्यावर ही अडचण बव्हंशी गेली. परंतु डावा दिवा स्वच्छ आणि उजवा पिवळा, असे असेल तर बॅटरीला नावे ठेवणे व्यर्थ. एकाच बॅटरीने दोघांना जेवू घातले आहे.

आता मागच्या दिव्यांचा एक चमत्कार सांगतो. तो पाहून भलेभले गोंधळतात. गाडीचे सगळे दिवे बंद आहेत. चालक ब्रेक दाबतो, आणि ब्रेकचा एक दिवा नीट लागण्याऐवजी आतले मीटरचे दिवे मंदपणे उजळतात, पुढचे बारीक दिवेही लुकलुकतात. पाय काढला की सर्व विझते. लोक म्हणतात, वायरिंगमध्ये शॉर्ट झाला, सगळी वायरिंग बदला. वास्तविक शॉर्ट काही नसतो. मागच्या दिव्यात बहुधा एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ५ वॅटची रात्रीच्या बारीक दिव्याची आणि २१ वॅटची ब्रेकची. दोघींची परतीची वाट एकच, बल्बची पितळी टोपी. त्या टोपीला, होल्डरला किंवा दिव्याच्या घराला अर्थ मिळेनासा झाला म्हणजे ब्रेकच्या तारेतून आलेल्या विजेपुढे दार बंद होते. वीज थांबून राहत नाही; मिळेल त्या वाटेने घरी जाते. ती शेजारच्या ५ वॅटच्या तारेतून उलटी शिरते, बारीक दिव्यांच्या सामाईक वायरने पुढे येते, आणि पलीकडचा मागचा दिवा, पुढचे बारीक दिवे, मीटरचे दिवे ह्यांच्यामधून आपापल्या चांगल्या अर्थने बॅटरीकडे पोहोचते. जाता जाता त्या सर्वांना थोडे थोडे पेटवते. इंडिकेटर लावला की मागचा बारीक दिवाही त्याच लयीत मिणमिणतो, हेही ह्याच जातीचे. अशी भुताटकी दिसली की वायरिंगचा नकाशा उलगडण्यापूर्वी डिकी उघडावी, दिव्याचे होल्डर काढावे, पितळ घासावे, स्क्रूखालचा पत्रा खरवडावा आणि थोडी पेट्रोलियम जेली लावून परत बसवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

समोरच्या दिव्यांच्या बाबतीत येण्याच्या वाटेवरही एक दुबळी जागा असते, ती म्हणजे स्विच. पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही मोठ्या दिव्यांचा सर्व प्रवाह स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचमधून, बारीकशा पितळी पात्यांवरून जातो. ४५ वॅटच्या दिव्यांसाठी ती पाती पुरत असत. हल्ली हौसेने ६० वॅटचे हॅलोजन लावतात, कोणी १०० वॅटचेही लावतात. १०० वॅटच्या दोन दिव्यांना जवळजवळ १७ अँपिअर लागतात. पाती तापतात, दांडीचे प्लास्टिक वितळते, आणि मग डिपर मारताना काळोख होतो. ह्याला उपाय रिलेचा. स्विचने फक्त रिलेला हाक मारावयाची, आणि मोठा प्रवाह रिलेने बॅटरीपासून जाड, फ्यूज घातलेल्या वायरने थेट दिव्यांकडे न्यावयाचा. आमच्या मते मूळचेच बल्ब, रिले आणि स्वच्छ अर्थ एवढ्यावर पद्मिनी पुरेसा प्रकाश देते. १०० वॅटचे दिवे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात ते निराळेच.

फ्यूजविषयी मात्र जरा कठोर बोलावे लागेल. फियाट घराण्याच्या जुन्या गाड्यांत लांबट, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात, वरून धातूची पट्टी दिसते. त्यांतले पांढरे ८ अँपिअरचे आणि तांबडे १६ चे. टोके काळी पडली की फ्यूज शाबूत असूनही दिवा लागत नाही. बोटाने जरा फिरवला की लागतो. तेथपर्यंत ठीक. पण फ्यूज वारंवार जाऊ लागला की त्यावर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, किंवा तांब्याची तार बांधायची, ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. बॅटरी सेल्फ फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर सहज देऊ शकते. पत्र्याच्या भोकाशी घासून एखादी वायर उघडी पडली, आणि मध्ये फ्यूज नावाचा पहारेकरी नसला, तर ती बारीक वायर निखाऱ्यासारखी लाल होते, शेजारच्या सर्व वायरींचे आवरण पेटते, आणि हे सर्व गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डमागे, पेट्रोलच्या नळीपासून दोन-चार हातांवर घडते. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा एकदा लावून पाहावा. तोही गेला तर फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा टेस्ट लँप जोडावा. शॉर्ट असेपर्यंत तो झगझगीत पेटतो, आणि वायरी हलवत गेल्यावर ज्या जागी हात लागताच मंदावतो किंवा विझतो, ती जागा सापडली. आणखी एक गोष्ट अशी की, अनेक जुन्या गाड्यांत सेल्फच्या, चार्जिंगच्या आणि इग्निशनच्या वायरी फ्यूजवरून जातच नाहीत. त्यांचे आवरण तडकले असेल तर कोणताही पहारेकरी हाकेला येणार नाही. त्या डोळ्यांनीच तपासाव्या.

रात्रभर उभी राहून सकाळी गाडी सेल्फ घेत नसेल तर त्याच टेस्ट लँपचा दुसरा उपयोग होतो. सर्व दारे आणि सर्व स्विच बंद करून ऋण टोकाची वायर सोडवावी आणि टोक व वायर ह्यांच्या मध्ये लँप धरावा. पेटला तर कोठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने लँप विझेल त्या शाखेत चोर. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीत डिकीचा दिवा आत जळत राहत होता. अर्ध्या अँपिअरची गळतीही ४० अँपिअर-तासांची बॅटरी तीन-सव्वातीन दिवसांत रिकामी करते. हातात घेतलेली गाडी जुनी ब्रिटिश बनावटीची असेल तर आधी पट्ट्याकडे नीट पाहावे. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत धन टोक अंगाला जोडलेले असे. सवयीने बॅटरी उलटी जोडली, किंवा नवा रेडिओ नेहमीच्या पद्धतीने लावला, तर नुकसान ठरलेले.

इंजिनाच्या पट्ट्याकडे बहुधा कोणी पाहत नाही. इंजिन रबरी पायांवर बसवलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीच्या अंगापासून अलग असते. म्हणून इंजिन आणि अंग ह्यांच्यामध्ये एक वेणीसारखा विणलेला तांब्याचा पट्टा असतो. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना हा लावायचा राहून जातो, किंवा तेलात भिजून तुटतो. मग सेल्फचा तो प्रचंड प्रवाह परत कसा जावा? तो चोकच्या, नाहीतर ॲक्सिलरेटरच्या लोखंडी केबलमधून जातो. केबल तापते, तिचे आवरण वितळते, ती आत अडकते. मेकॅनिक केबल बदलून देतो, महिन्याने पुन्हा तेच. सेल्फ मारल्यावर चोकची मूठ गरम लागली तर केबल विकत घेण्यापूर्वी तो पट्टा शोधावा.

अखेर सगळी वायरिंग बदलण्याची वेळ कधी येते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वायरीचे आवरण हलकेच वाकवून पाहावे. कडाकडा तडकत असेल, किंवा उंदरांनी ठिकठिकाणी कुरतडले असेल, किंवा मागच्या मालकांनी टेप गुंडाळून वीस-पंचवीस गाठी मारून ठेवल्या असतील, तर डागडुजीचा नाद सोडावा. नाहीतर चाळीस वर्षांची वायरिंगही सांधे घासून चालू शकते. आमची चालते आहे. बदलायचीच ठरली तर जुनी वायरिंग कापून काढू देऊ नये. अखंड उतरवावी, प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी बांधून ते कोठे होते ते लिहावे, आणि नवी तिच्यावर मापून त्याच रंगांची बांधून घ्यावी. कारागिराने लाल वायर संपली म्हणून हिरवी घातली तर त्याला तेथेच थांबवावे. बॅटरीचे अंगाला जोडलेले टोक आधी सोडवावे आणि सर्वांत शेवटी जोडावे, म्हणजे दुसरे टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडणार नाही. आणि गाडी रंगाला द्यायची असेल तर देण्यापूर्वी अर्थच्या प्रत्येक बोल्टाखाली कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. रंगाऱ्याला तोंडी सांगून भागत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.